निळ्यातून नारिंगी, मध्ये चिखल नाही: रंग विरघळवणारा लिथोग्राफ दगडावर कसा छापतात

प्रश्न असा आहे. अमेरिकन मुद्राचित्रकार गारो अँट्रेसियन यांच्या अमूर्त लिथोग्राफमध्ये (दगडावर तेलकट चित्र काढून, दगड ओला ठेवून, फक्त चित्रालाच शाई धरवून काढलेल्या छापात) एक रंग दुसऱ्यात हळूहळू विरघळतो आणि भिंगातून पाहिले तरी ठिपके दिसत नाहीत. यासाठी किती दगड लागतात? तसाच प्रयत्न 45 × 60 सेंमीच्या चित्रावर, 10 सेंमी व्यासाच्या रबरी रोलरने, निळा आणि नारिंगी शेजारी लावून केला, तेव्हा तीन दोष आले. मधला पट्टा मळकट तपकिरी झाला. पाचव्या-सहाव्या प्रतीपासून रंग एकमेकांत पसरत गेले. आणि खालच्या कडेपासून साधारण 31 सेंमीवर प्रत्येक प्रतीत एक फिकी आडवी रेघ उमटली.

रेघेचे उत्तर प्रश्नातच आहे. 10 सेंमी व्यास गुणिले 3.14, म्हणजे रोलरचा परीघ 31.4 सेंमी. पहिल्या फेऱ्यात रोलर भरलेली शाई दगडावर सोडतो, दगडावरचे थोडे पाणी उचलतो, आणि 31 सेंमीनंतर तोच रिकामा झालेला, किंचित ओला पृष्ठभाग पुन्हा दगडाला टेकतो. तिथे शाईचा थर पातळ पडतो. एका रंगाच्या छपाईत हे लपते, कारण रोलर आडवा, उभा, तिरका फिरवून थर सारखा करता येतो. रंगउतारात, म्हणजे एकाच रोलरवरून एक रंग दुसऱ्यात विरघळवत छापण्यात, ती मुभा नाही. रोलरच्या लांबीवर रंग शेजारी शेजारी बसलेले असतात, त्यामुळे तो एकाच दिशेने, एकाच मार्गावरून जायला हवा. तिरका केला की निळा नारिंगीच्या घरात.

उपाय एकच खरा आहे: चित्राच्या उंचीपेक्षा मोठा परीघ असलेला रोलर. 25 सेंमी व्यासाचा रोलर एका फेऱ्यात 78 सेंमी झाकतो, म्हणून 60 सेंमीचे चित्र एका दमात शाईने भरते. अशा छपाईसाठी मोठ्या व्यासाचे रोलर वापरतात ते यासाठीच. तो जड असतो, दोघांनी धरावा लागतो, आणि शाईची पाटीही त्याच मापाची लागते: लांबी किमान 80 सेंमी, रुंदी रोलरपेक्षा थोडी जास्त. पाटी आखूड असली तर रोलरचा काही भाग पाटीवर दोनदा टेकतो आणि काही एकदाच, मग रेघ दगडावर नाही तर पाटीवरच तयार होते. मोठा रोलर मिळत नसेल, तर चित्राची उंची 30 सेंमीच्या आत ठेवा. लहान रोलरने दर फेरीची सुरुवात वेगळ्या ठिकाणाहून करून रेघ पुसट करता येते, पण पूर्ण जात नाही. वीस प्रती शेजारी लावल्या की ती दिसतेच.

आता चिखल. निळा आणि नारिंगी हे रंगचक्रावर समोरासमोरचे रंग. ते मिसळले की तपकिरी-करडे होणारच. तो छपाईचा दोष नाही, रंगयोजनेचा आहे. लिथोच्या पारदर्शक शाईत तो अधिक उघडा पडतो, कारण कागदाचा पांढरा त्यातून आरपार येतो आणि मळका रंग मळकाच दिसतो. यातून वाट काढायची ती रंगचक्राच्या कडेने: नारिंगी, मग गुलाबीकडे झुकणारा लाल, मग जांभळा, मग निळा. दोनऐवजी चार पट्टे. दुसरी बाजू म्हणजे पिवळा आणि हिरव्यावरून जाणे. तिसरा मार्ग म्हणजे दोन रंगांच्या मध्ये रंगहीन पारदर्शक बेसचा 5-6 सेंमी पट्टा ठेवणे. मग नारिंगी जवळजवळ कागदात विरतो आणि पलीकडून निळा उगवतो. मधला भाग फिका दिसतो, पण स्वच्छ राहतो. माझी पसंती पहिल्या मार्गाला आहे. बेसचा पट्टा ठेवलेले काम पुष्कळदा पोस्टरसारखे दिसते.

शाईचे प्रमाण डोळ्यांनी ठरवतात, तरी सुरुवातीला आकडे हाताशी असलेले बरे. थॅलो निळा फार जोरकस असतो, एक भाग निळ्याला 15 ते 20 भाग पारदर्शक बेस. नारिंगीला एकास पाच-सहा पुरतो. 45 × 60 च्या भरीव आकाराला प्रत्येक प्रतीत दीड-दोन ग्रॅम शाई जाते. पण रंगउतारात पाटी वारंवार पुसावी लागते, त्यामुळे वीस प्रती आणि प्रुफांसाठी (आधीच्या चाचणी छापांसाठी) चारही रंग मिळून 200 ग्रॅमच्या खाली मिसळू नका. मध्येच पुन्हा मिसळलेला जांभळा आधीच्या जांभळ्याशी कधीच तंतोतंत जुळत नाही.

पाचव्या प्रतीपासून रंग पसरण्याची दोन कारणे असतात आणि बहुधा दोन्ही एकत्र येतात. पहिले म्हणजे शाईंचा घट्टपणा वेगवेगळा असणे. सुरीच्या टोकावर शाई उचलून धरा आणि धार किती लांब ओघळून तुटते ते पाहा. चारही शाया सारख्या लांबीवर तुटायला हव्यात. जी लांब ओघळते ती सैल. ती शेजारच्या पट्ट्यावर चढते. सैल शाईत मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड चिमटीचिमटीने घालून सुरीने घोटा. फार घट्ट असेल तर पातळ लिथो वार्निशचे दोन-चार थेंब. एप्रिल-मेच्या उकाड्यात सकाळी जुळवलेली शाई दुपारी सैल होते, तेव्हा पुन्हा तपासा. दुसरे कारण हाताचे. पाटीवर रंग एकमेकांत मिसळण्यासाठी रोलर आडवा थोडा सरकवावा लागतो. ही सरक सुरुवातीच्या पंधरा-वीस फेऱ्यांपुरती, आणि 1 ते दीड सेंमीच. छटा जुळली की सरक बंद. पुष्कळ जण ती प्रत्येक प्रतीला चालूच ठेवतात; मग दर वेळी मिसळलेला भाग रुंदावतो आणि दहाव्या प्रतीला शुद्ध नारिंगी कडेच्या बोटभर जागेत उरतो.

रोलरच्या एका मुठीला खडूने किंवा चिकटपट्टीने खूण करा. खूण असलेली बाजू पाटीवर डावीकडे, तर दगडावरही डावीकडेच. ही चूक एकदाच होते, कारण त्यानंतर पाटी, रोलर आणि दगड तिन्ही धुवावे लागतात. दगडावर रोलर सरळ राहावा म्हणून प्रेसच्या पलंगावर दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या लावून वाट आखून द्या. पाच-सहा प्रतींनंतर पाटी पूर्ण पुसा, पट्टे नव्याने मांडा, रोलरही कोऱ्या कागदावर उतरवून घ्या. निळा पट्टा ठरवलेल्या रुंदीपेक्षा दोन सेंमी अरुंद मांडा. तो आपोआप जागा घेतो. पिवळा किंवा नारिंगी रुंद ठेवा.

किती दगड, याचे उत्तर रंग मोजून मिळत नाही. एका रंगउतारात चार रंग असतात आणि दगड एकच. उलट एकच दगड दोनदा, वेगळ्या शाईने, कागद किंचित सरकवून किंवा फिरवून छापता येतो, म्हणजे छपाया दोन आणि दगड एक. म्हणून कडा मोजाव्या लागतात. भिंग घेऊन आकारांच्या काठांवर जा. जिथे दोन शाया एकमेकींवर चढल्या आहेत तिथे अरुंद गडद पट्टी दिसते, आणि वरची शाई किंचित जास्त चमकते. अशा जितक्या स्वतंत्र कडा, साधारण तितक्या छपाया. सात रंगांचे वाटणारे भौमितिक चित्र बऱ्याचदा तीन-चार छपायांत होते: एक रंगउतार, एक सपाट गडद आकार, वर एक पारदर्शक पातळ थर. अमेरिकन अमूर्त चित्रकार सॅम फ्रान्सिस यांच्यासारख्या उडवलेल्या, ठिबकलेल्या रंगाच्या लिथोग्राफला मात्र प्रत्येक रंगाला सहसा वेगळा दगड किंवा ॲल्युमिनियमची प्लेट लागते, कारण प्रत्येक शिंतोड्याचा आकारच निराळा.

अँट्रेसियन यांचे नाव या प्रश्नात सहज आलेले नाही. जन्म 1922 चा, इंडियानापोलिसचा, आणि तिथल्याच जॉन हेरॉन कलाशाळेत ते शिकवत होते. 1960 मध्ये जून वेन यांनी फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने लॉस एंजेलिसला टॅमरिंड लिथोग्राफी वर्कशॉप सुरू केले, तेव्हा अँट्रेसियन तिथले पहिले तांत्रिक संचालक झाले. (नावाचा चिंचेशी संबंध एवढाच की वर्कशॉप टॅमरिंड ॲव्हेन्यूवर होते.) त्या वेळी अमेरिकेत दगडावर छापणारे कसबी मुद्रक जवळजवळ संपत आले होते, आणि टॅमरिंडचा मूळ हेतू नवे मुद्रक तयार करण्याचा होता. 1964 पासून ते न्यू मेक्सिको विद्यापीठात होते, आणि 1970 मध्ये टॅमरिंडही त्याच विद्यापीठाच्या आश्रयाला अल्बुकर्कीला गेले. म्हणजे हा चित्रकार आधी मुद्रकाचा मुद्रक होता. त्यांच्या चित्रातली सफाई डोळ्यांना सोपी वाटते, पण तिच्यामागे पाटी पुसण्याची शिस्त आहे.

दगडाकडे येऊ. रंगउताराखालचा आकार सपाट भरीव असतो, त्यामुळे दगडावरचा प्रत्येक ओरखडा छापात पांढरी रेघ होऊन येतो. कार्बोरंडमची पूड 100, मग 180, मग 220 नंबरची. प्रत्येक नंबरचे दोन-तीन हात, पूड राखाडी गाळासारखी होईपर्यंत घासायचे. नंबर बदलताना दगडाच्या बाजू आणि टेबलसुद्धा धुवा, कारण 100 चा एक कण 220 च्या वेळी सापडला तर पुन्हा मागे जावे लागते. सपाटी तपासायला पोलादी पट्टी उभी ठेवून तिच्याखाली पातळ कागदाच्या पट्ट्या मध्यावर आणि कडांना सरकवा, सगळीकडे सारख्याच अडकायला हव्यात. मधोमध खोलगट दगडावर रंगउतार मध्येच फिका पडतो आणि दोष शाईला लागतो. दगडाच्या कडा कानशीने गोल करा. 60 × 80 सेंमीचा 8 सेंमी जाडीचा दगड सुमारे 100 किलोचा असतो, तेव्हा हे काम प्रेसवर चढवण्यापूर्वीच उरकावे.

आकारांची रेखाटने सगळ्या दगडांवर एकाच मूळ आराखड्यावरून उतरवायची, अर्थातच उलटी. यासाठी पातळ कागदावर गेरू चोळून त्याचा कार्बन कागदासारखा वापर करतात. गेरूत तेल नसते, त्यामुळे त्याच्या रेषा शाई धरत नाहीत. पेन्सिल किंवा टायपिंगचा कार्बन वापरलात तर त्या रेषा छापात येऊ शकतात. सरळ धारदार कड हवी असेल तर आकाराच्या बाहेर डिंकाचे पाणी रूलिंग पेनने लावून वाळू द्या आणि मग आत टुश (चित्र काढायची तेलकट पातळ शाई) भरा.

टुश वाळल्यावर आधी राळेची बारीक पूड, मग शंखजिरे. दोन्ही मऊ कापसाने हलक्या हाताने. मग डिंक आणि आम्ल. 100 ग्रॅम स्वच्छ डिंक 250 मिली पाण्यात रात्रभर भिजवून मलमलीतून गाळा. दोन-तीन दिवसांत उन्हाळ्यात आंबतो, आंबलेला टाकून द्या. 30 मिली डिंकात नायट्रिक आम्लाचे थेंब: मऊ पिवळसर दगडाला 10-12, कठीण करड्याला 15-18. आम्ल डिंकात घालायचे, खिडकी उघडी, हातमोजे घालून. आकडा पाठ करण्यापेक्षा दगडाच्या रिकाम्या कडेवर थेंब टाकून पाहा: दोन-चार सेकंदांनी बारीक बुडबुडे यायला हवेत. टाकल्याबरोबर फसफसले तर आम्ल जास्त. भरीव आकाराच्या कडा खाल्ल्या जातील. बुडबुडेच नाहीत तर कमी, आणि छपाईच्या मध्यात मोकळी जागा मळू लागेल. तीन मिनिटे डिंक हलवत ठेवून पातळ पापुद्रा राहील असा पुसून काढा, वाळवा, काही तास दगड तसाच ठेवा. मग काळ्या शाईने रोल-अप (रोलर फिरवून चित्राला शाई धरवणे) आणि दुसऱ्यांदा डिंक-आम्लाचा हाच संस्कार. भरीव आकाराला दुसरा संस्कार टाळू नका.

काळ्यावरून रंगावर येताना एक फसगत होते. दगडातली काळी शाई आणि ॲस्फाल्टम (चित्राला लावलेला डांबरासारखा तेलकट थर) टर्पेंटाइनने धुतली तरी थोडी उरते आणि पहिल्या पाच-सहा छापांत पिवळा हिरवट, नारिंगी मातकट येतो. हे छाप वर्तमानपत्राच्या कोऱ्या कागदावर काढून टाका. चांगला कागद सातव्या छापानंतर.

रंगीत शाई काळ्यापेक्षा पाणी जास्त पिते. ओला स्पंज पिळून घ्या. दगडावर पाण्याचा थेंब नव्हे, फक्त ओलाव्याची झाक हवी. शाई पाणी पिऊन लोण्यासारखी झाली की सगळ्या मोकळ्या जागेवर रंगाची फिकी धूळ बसते. अशा वेळी डिंकाचे प्रमाण वाढवून उपयोग नाही. पाटी पुसा, ताजी शाई घ्या, प्रत्येक दोन फेऱ्यांत पंख्याने दगड वाळवा. काही स्वस्त लाल रंग पाण्यात उतरतात. ते आधी काचेवर थेंबभर पाण्यात घोटून तपासा.

कागद कोरडाच वापरा. एकरंगी लिथोला ओलावलेला कागद चांगला, पण तो छापताना ताणतो आणि वाळताना आकसतो, मग दुसरा रंग बसणार कुठे? 250 ते 280 ग्रॅमचा सुती कागद, सगळ्या तावांचा धागा एकाच दिशेने, आणि छपाईपूर्वी प्रत्येक ताव एकदा कोऱ्या कोरड्या दगडावर दाबातून काढलेला. म्हणजे जे ताणायचे ते आधीच ताणून होते. नोंदणीसाठी दगडाच्या एका टोकाला टी आणि दुसऱ्या टोकाला मध्यरेघ, तशाच खुणा प्रत्येक तावाच्या मागे पेन्सिलने. वीस प्रतींसाठी 28 ते 30 ताव घ्या. मुंबई, कोकण किंवा गोव्यात पावसाळ्यात हे सगळे करूनही दोन छपायांच्या मधल्या दिवसात 75 सेंमीचा ताव एक-दोन मिलिमीटर वाढू शकतो. ताव पॉलिथिनमध्ये गुंडाळून ठेवा, आणि शक्य असेल तर रंगउताराची छपाई शेवटी घ्या: त्याची कड मऊ असते, थोडी चूक पचते. धारदार कड असलेले दोन दगड मात्र लागोपाठच्या दिवशी छापा.

थर वाळायला एरवी 24 तास, पावसाळ्यात दोन-तीन दिवस. घाईने कोबाल्ट ड्रायर वाढवला तर खालचा थर काचेसारखा गुळगुळीत होतो आणि वरची शाई त्यावर धरत नाही, ठिपक्याठिपक्यांनी सुटते. शाईच्या एक टक्क्याच्या वर ड्रायर नको.

प्रेसवर स्क्रेपरची (कागद दगडावर दाबणाऱ्या, चामडे लावलेल्या पट्टीची) लांबी चित्रापेक्षा थोडी जास्त आणि दगडापेक्षा कमी हवी. दाब दगडाच्या कडेवर सुरू करू नका, आत एक-दोन सेंमीवर घ्या. बहुतेक दगड कडेवरच तडकतात. स्क्रेपरच्या चामड्याखालच्या पत्र्याला चरबी पुरेशी लावली नाही तर तो झटके घेतो, आणि रंगउतारात प्रत्येक झटक्याची आडवी सावली येते. ती 31 सेंमीच्या रेघेसारखीच दिसते. फरक इतकाच की तिची जागा दर प्रतीत बदलते.

असा लिथोग्राफ विकत घ्यायचा असेल तर दहापट भिंग पुरते. ऑफसेटच्या प्रतिकृतीत रंगउतार चार रंगांच्या नियमित ठिपक्यांचा, फुलाच्या पाकळ्यांसारख्या रचनेचा असतो, इंकजेटमध्ये शिंतोडे. हाताने छापलेल्या रंगउतारात काहीच रचना नसते, फक्त शाई आणि कागदाचा पोत. ठिपके दिसले म्हणून लगेच नकली म्हणू नये. रविवर्मा प्रेसच्या ओलिओग्राफमध्येही ठिपके आहेत, पण ते कारागिरांनी दगडावर हाताने टिंबलेले, लहानमोठे, वाकडेतिकडे. आणि अमेरिकन चित्रकार रॉबर्ट रॉशेनबर्ग यांच्या लिथोग्राफमध्ये छायाचित्राचे ठिपके मुद्दामच घेतलेले असतात. पेन्सिलीतली सही आणि क्रमांक यावर एकट्यावर भरवसा ठेवू नका, सही केलेली ऑफसेट पोस्टरेही बाजारात आहेत. कार्यशाळेचा उठावाचा शिक्का कोपऱ्यात बोटाने चाचपून पाहा, मागच्या बाजूला पेन्सिलचे क्रमांक शोधा. टॅमरिंडच्या कामाला छपायांचा क्रम आणि शाया नोंदवलेला कागद तयार होत असे; विक्रेत्याकडे त्याची प्रत मागा.

तुमच्या स्वतःच्या एडिशनसाठीही असाच कागद ठेवा: तारीख, शाईचे वजन, थेंब, पट्ट्यांची रुंदी सेंमीत. आणि मंजूर केलेल्या प्रुफाबरहुकूम त्याच सकाळी छापलेली पहिली प्रत पाटीच्या शेजारी भिंतीवर टांगून ठेवा, दर पाचव्या प्रतीशी त्याच खिडकीच्या उजेडात ताडून पाहा. ओली शाई वाळल्यावर किंचित वेगळी दिसते, तेव्हा तुलना वाळलेल्या प्रुफाशी नको, या ओल्या प्रतीशी हवी.